गाडीच्या एसीचा प्रेशर सेन्सर खरोखरच बिघडला आहे का, हे कसे ठरवावे?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. सहा वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती सोलापूरच्या उन्हाळ्यात चालते. सकाळी एसी उत्तम गार करतो, पण दुपारी शहरात वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवली की कंप्रेसर बंद पडतो, पुढचा पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत राहतो, आणि गाडी सावलीत अर्धा-पाऊण तास उभी करून पुन्हा चालू केली की सारे सुरळीत होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०५३३ हा कोड आला, म्हणून एसीचा प्रेशर सेन्सर बदलला. बारा दिवस एसी चांगला चालला आणि नंतर तोच कोड पुन्हा आला. आता ‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असावा’ असे सांगितले जात आहे, आणि त्यावर खर्च करावा का, असा आपला प्रश्न आहे.

आज तरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्यांच्या एसीचे काम मी गेली बावीस वर्षे करतो आहे. या काळात सेन्सर बदलूनही दोष न गेलेल्या इतक्या गाड्या माझ्याकडे आल्या, की सेन्सरचा कोड दिसला की मी सेन्सरकडे सर्वांत शेवटी वळतो. सेन्सर हा दाबाची खबर देणारा भाग आहे. खबर वाईट आली म्हणून तो बदलण्याआधी ती खरी आहे की खोटी, आणि खोटी असेल तर ती सेन्सरमध्येच बिघडली की ईसीएमकडे जाण्याच्या वाटेत, हे ठरवले पाहिजे. हे ठरवायला फार मोठी साधने लागत नाहीत; थोडा वेळ लागतो आणि क्रम पाळावा लागतो.

आधी कोडचा अर्थ नीट पाहू. एसीच्या दाबाच्या सेन्सरशी निगडित चार कोड नेहमी भेटतात. पी०५३० म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, इतकेच. पी०५३१ म्हणजे सिग्नल मर्यादेत आहे, पण परिस्थितीशी जुळत नाही. पी०५३२ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज असायला हवे त्याहून खाली गेले आहे, आणि पी०५३३ म्हणजे ते वर गेले आहे. चारांपैकी एकही कोड ‘सेन्सर खराब आहे’ असे म्हणत नाही. ईसीएमला सेन्सर दिसत नाही. त्याला दिसते ते सिग्नलच्या वायरवरचे व्होल्टेज. ते का वाढले, हे शोधणे माणसाचे काम आहे.

हा सेन्सर बहुधा हाय साइडच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूच्या पाइपवर किंवा कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या जाळीच्या) तोंडाशी बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो, गॅसच्या दाबाने तो किंचित वाकतो, आणि त्या वाकण्याचे रूपांतर आतले छोटे सर्किट व्होल्टेजमध्ये करते. बहुतेक गाड्यांत त्याला तीन वायर असतात: एकीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) असते, आणि तिसरीवरून सिग्नल परत जातो. सिग्नल साधारणपणे ०.५ ते ४.५ व्होल्टच्या पट्ट्यात राहतो. ही पट्टी मुद्दाम दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून ठेवलेली असते, म्हणजे सिग्नल अगदी शून्याला किंवा अगदी ५ व्होल्टला टेकला तर तो गॅसचा दाब नसून वायरिंगचा दोष आहे, हे ईसीएमला कळावे. कोणत्या व्होल्टेजला किती दाब, याचा तक्ता कंपनीगणिक वेगळा असतो. उदाहरणापुरते धरू, की ०.५ व्होल्ट म्हणजे शून्य आणि ४.५ व्होल्ट म्हणजे ३२ बार. म्हणजे एका बारला ०.१२५ व्होल्ट झाले. पुढे हेच गणित उपयोगी पडेल. काही नव्या गाड्यांत सिग्नल साध्या व्होल्टेजऐवजी स्पंदांच्या रूपात जातो. तिथे साध्या मीटरवर फक्त सरासरी आकडा दिसतो, त्यामुळे अशा गाडीत स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोपवरच भरवसा ठेवावा.

या एका आकड्यावर ईसीएम बरीच कामे करतो. दाब फार कमी असेल, म्हणजे गॅस गळून गेला असेल, तर तो कंप्रेसर लागू देत नाही, कारण कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते आणि गॅस नसताना कंप्रेसर कोरडा फिरतो. दाब फार वाढला तर पाइप आणि कंप्रेसर वाचवण्यासाठी तो कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच सोडतो. मधल्या पट्ट्यात पंखा हळू चालवायचा की वेगाने, आणि कंप्रेसरचा भार आल्यावर इंजिनाचे आयडल किती उचलायचे, हेही तो यावरूनच ठरवतो. सर्किटच नीट नाही असे वाटले तर अनेक गाड्यांत ईसीएम सावधगिरी म्हणून कंप्रेसर तोडतो आणि पंखा पूर्ण वेगाने सोडून देतो. आपल्या गाडीत नेमके हेच दिसते आहे.

जुन्या गाड्यांवर हात बसलेले कारागीर इथे हमखास एक चूक करतात, म्हणून ती वेगळी सांगतो. त्या गाड्यांत सेन्सर नसून प्रेशर स्विच असे. दाब साधारण २ बारच्या खाली गेला किंवा ३१ बारच्या वर गेला की तो आतल्या आत उघडायचा आणि क्लचचा प्रवाह तुटायचा. त्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढून दोन पिना तारेने जोडल्या आणि कंप्रेसर ‘टक’ करून लागला, की स्विच खराब किंवा गॅस कमी, असा निष्कर्ष काढता येई. हीच पद्धत तीन वायरच्या सेन्सरवर वापरणे घातक आहे. ५ व्होल्टची आणि अर्थची पिन जोडली गेली, तर ज्या ज्या सेन्सरना तेच ५ व्होल्ट जातात ते सारे एकदम कोलमडतात, आणि कित्येक गाड्यांत थ्रॉटलचा सेन्सर त्याच लाइनवर असल्यामुळे इंजिनच अडखळू लागते. आपल्या गाडीवर असा प्रयोग कोणी केला होता का, हे गॅरेजमध्ये जरूर विचारा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ: सेन्सर सांगतो ते खरे आहे का? याची सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तपासणी पहाटे होते. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिली, की कंप्रेसर, कंडेन्सर, पाइप आणि आतली कूलिंग कॉइल हे सारे बाहेरच्या हवेच्या तापमानाला येते. अशा वेळी हाय साइड आणि लो साइड यांचा दाब एकच असतो, आणि सिस्टीममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तर तो दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए या एसीच्या गॅससाठी २० अंशांना तो सुमारे ६८ पीएसआय (१ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय), २५ अंशांना ८२, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४ आणि ४० अंशांना १३३ पीएसआय असतो. हा निसर्गाने ठरवून दिलेला तक्ता आहे, आणि कोणत्याही गाडीत तो बदलत नाही.

म्हणून सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ‘ऑन’ करावी, स्कॅनरवर एसीच्या दाबाचा आकडा पाहावा आणि थर्मामीटरने बॉनेटखालच्या हवेचे तापमान घ्यावे. सोलापूरला उन्हाळ्यातल्या पहाटे ते समजा २७ अंश असेल, तर आकडा ८८ पीएसआयच्या आसपास यायला हवा. तिथे १५० दिसत असेल किंवा २० दिसत असेल, तर संशयाला जागा आहे. मात्र सेन्सरला दोष देण्याआधी त्याच क्षणी गेज (दाब मोजणारे घड्याळ) जोडून खरा दाब पाहावा. गेजही १५० दाखवत असेल, तर सेन्सर प्रामाणिक आहे आणि सिस्टीममध्ये हवा शिरली आहे किंवा भलताच मिश्र गॅस भरला गेला आहे. गेजही २० दाखवत असेल, तर गॅस गळला आहे. गेज ८८ दाखवतो आणि स्कॅनर १५०, तरच खबर खोटी आहे. एक बारकावा इथे सांभाळावा: काही स्कॅनर निरपेक्ष दाब दाखवतात, म्हणजे गेजपेक्षा साधारण १ बार, अर्थात साडेचौदा पीएसआय जास्त. दोन आकड्यांत नेमका एवढाच फरक सगळीकडे सारखा राहत असेल, तर तो दोष नव्हे.

या तपासणीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. उभ्या गाडीतला दाब बरोबर आला म्हणजे गॅसचे प्रमाण बरोबर आहे, असे मुळीच नाही. अर्ध्याहून कमी गॅस असला तरी द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. ही तपासणी सेन्सरची परीक्षा घेते. गॅसचे वजन ती सांगत नाही.

दुसरा आकडा गाडी चालू असताना घ्यावा. इंजिन १५०० आरपीएमला, एसी पूर्ण गारव्यावर, ब्लोअर जोरात आणि दरवाजे उघडे ठेवून दहा मिनिटांनी हाय साइडचा दाब पाहावा. कंडेन्सरमध्ये गॅस साधारणपणे बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश जास्त तापमानाला द्रवरूप होतो. त्यामुळे बाहेर ४० अंश असताना ६० अंशांचा, म्हणजे २२९ पीएसआयच्या आसपासचा दाब, आणि ४५ अंशांना २६० पीएसआयच्या आसपासचा दाब हा रास्त समजावा. इथेही गेज आणि स्कॅनर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गेजचा पोर्ट कंडेन्सरच्या आधी आणि सेन्सर कंडेन्सरच्या नंतर असेल, तर गेजचा आकडा थोडा जास्त येणे स्वाभाविक आहे. पण हा फरक ५०-६० पीएसआयचा असेल, तर कंडेन्सर आतून चोंदल्याची शक्यता आधी तपासावी. अशा गाडीत सेन्सर ‘कमी दाखवतो’ म्हणून बदलला जातो, आणि चोंदलेला कंडेन्सर तसाच राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दोष येतो त्या क्षणाचे दर्शन. आपल्या गाडीच्या बाबतीत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. स्कॅनर लावून, दाबाचा आलेख पडद्यावर ठेवून दुपारी गाडी चालवावी. गाडी चालवणारा एक आणि पडद्याकडे पाहणारा दुसरा, अशी दोन माणसे हवीत. कंप्रेसर सुटण्याआधी आकडा २४०, २९०, ३४०, ४०० असा चढत गेला, तर दाब खरोखर वाढतो आहे. आकडा २४० वर स्थिर असताना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच थेट वरच्या टोकाला गेला, तर तो गॅसचा दाब असूच शकत नाही. पाइपातला गॅस क्षणार्धात अशी उडी मारत नाही. अशी उडी फक्त वीज मारते.

हा प्रयोग होण्याआधीच, आपण दिलेल्या माहितीतून मला तीन गोष्टी विजेच्या दोषाकडे बोट दाखवताना दिसतात. पहिली, दाब खरोखरच वाढला असता तर ईसीएमने ३१ बारच्या सुमारास क्लच सोडला असता, आणि माझ्या वर धरलेल्या तक्त्यानुसार तेव्हा सिग्नल ४.४ व्होल्टच्या आतच असता. पी०५३३ हा कोड बहुधा त्याच्याही वर, ५ व्होल्टला जवळजवळ टेकल्यावर येतो. म्हणजे खऱ्या वाढलेल्या दाबाने कंप्रेसर सुटतो, पण हा कोड सहसा येत नाही. दुसरी, खऱ्या वाढलेल्या दाबात कंप्रेसर सुटला आणि पंखा जोरात चालू राहिला, तर एक-दोन मिनिटांत दाब उतरतो आणि कंप्रेसर पुन्हा लागतो. लागणे-सुटणे असे चक्र चालते. आपली गाडी मात्र थंड होऊन पुन्हा चालू करेपर्यंत रुसून बसते. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. नवा सेन्सर बसवल्यावर बारा दिवस एसी चालला. सेन्सर बदलताना कपलर काढला आणि पुन्हा घट्ट बसवला गेला, तेव्हा पिना एकमेकींवर घासल्या गेल्या आणि संपर्क तात्पुरता सुधारला. सेन्सर जुनाच ठेवून नुसता कपलर काढून-घातला असता, तरी ते बारा दिवस मिळाले असते, असा माझा कयास आहे.

म्हणून माझा पहिला संशय सेन्सरच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनेवर किंवा तिथून निघणाऱ्या वायरीवर आहे. अर्थ तुटला की सिग्नल खाली जाईल असे अनेकांना वाटते, पण पुष्कळदा उलट होते. सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात, पण ते परत जायला वाट उरत नाही, त्यामुळे आतले सर्किट वर तरंगते आणि सिग्नल ५ व्होल्टच्या जवळ जातो. इंजिनाच्या उष्णतेने पिनेची सैल पकड आणखी सैल होते, गाडी थंड झाली की ती पुन्हा टेकते. सकाळी ठीक, दुपारी बंद, हे याच्याशी पुरते जुळते.

मोजमाप असे करावे. कपलर सेन्सरला जोडलेलाच ठेवावा आणि मागच्या बाजूने बारीक सुईसारखी प्रोब वायरीच्या कडेने आत सरकवावी. वायरीचे आवरण टोचू नये. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि वर्षभरात तांबे हिरवे पडून वायर आतल्या आत कुजते. मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून तिन्ही वायरी मोजाव्यात. पहिलीवर ४.९ ते ५.१ व्होल्ट यावेत. अर्थच्या वायरीवर जवळजवळ काहीच येऊ नये. ५० मिलिव्होल्टच्या वर आकडा असेल तर तपास करावा, १०० च्या वर असेल तर तिथेच दोष आहे असे समजावे. तिसरीवर दाबानुसार सिग्नल यावा. अर्थच्या एवढ्याशा व्होल्टेजला मी इतके महत्त्व का देतो, ते वरच्या गणितावरून कळेल: अर्थवर ०.२ व्होल्ट चढले की सिग्नलही साधारण तेवढाच वर सरकतो, आणि ईसीएमला दाब दीड बारहून अधिक, म्हणजे २३ पीएसआय जास्त दिसतो. सेन्सर नवा घाला वा जुना, हा फरक कायम राहतो.

मात्र आपला दोष येऊन-जाऊन असणारा आहे, त्यामुळे थंड गाडीवर ही तिन्ही मापे निर्दोष येतील, आणि त्यावरून ‘वायरिंग ठीक आहे’ असे म्हटले जाईल. तिथे थांबू नये. मीटर अर्थच्या वायरीवर लावलेला ठेवून कपलरला केस वाळवण्याच्या ड्रायरने दोन-तीन मिनिटे गरम हवा द्यावी, मग वायरींचा जुडगा कपलरपासून मागे वीतभर, मग हातभर अंतरावर हळूहळू हलवत न्यावा. आकडा उडाला की जागा सापडली. हेडलाइटच्या मागचा भाग, बॅटरी ट्रेच्या खालचा भाग आणि जिथे जुडगा बॉडीच्या कडेला घासतो ती वळणे विशेष पाहावीत. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शहरातल्या गाड्यांतही मला सतत भेटतात, आणि त्यांचे दात अनेकदा अशा जागी लागलेले असतात, जी टेप काढल्याशिवाय दिसत नाही. कपलर उघडून प्रत्येक मादी पिनेत त्याच मापाची सुटी नर पिन घालून पकड अनुभवावी. तिघींपैकी एक पिन ढिली वाटली, तर कपलर नवा घालावा. पिन पक्कडीने दाबून घट्ट करण्याचा उपाय फार दिवस टिकत नाही.

मीटरच्या बझरवर मात्र विसंबू नये. वायरीतला एक धागा शिल्लक असला तरी बझर वाजतो आणि शून्य ओहम दिसतो. खात्रीच करायची असेल, तर बॅटरी उतरवून वायर सेन्सरकडून आणि ईसीएमकडून अशी दोन्ही टोकांनी सोडवावी, आणि त्या सुट्या वायरीतून १२ व्होल्टचा छोटा बल्ब पेटवून पाहावा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर वायर धडधाकट आहे. हाच बल्ब ५ व्होल्टच्या लाइनवर, ईसीएम जोडलेला असताना, चुकूनही लावू नये, कारण ती लाइन बल्बचा भार सोसण्यासाठी नसते.

आणखी एक चुकीचा उपाय मी बऱ्याच गाड्यांत उलटवला आहे. अर्थची वायर खराब निघाली की ती कापून जवळच्या बॉडीवर स्क्रूने बसवतात. सेन्सरचा अर्थ बहुतेक गाड्यांत मुद्दाम ईसीएममधून नेलेला असतो. बॉडीवरून पंख्याचा मोठा प्रवाह वाहत असतो, आणि पंखा चालू-बंद होईल तसा तिथला शून्य वर-खाली होतो. मग पंखा लागला की दाब ‘वाढतो’ आणि सुटला की ‘उतरतो’, असा नवाच दोष जन्माला येतो. वायर जोडायची तर ईसीएमपर्यंतची मूळ वाटच दुरुस्त करावी. सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

माझा संशय चुकीचा ठरून स्कॅनरवरचा आलेख खरोखरच हळूहळू चढताना दिसला, तर सगळा तपास दुसऱ्या दिशेने न्यावा लागेल. इचलकरंजीहून एक गाडी माझ्याकडे आली होती. तिच्यात दोन सेन्सर बदलून झाले होते, आणि मालक तिसऱ्याची तयारी करून आले होते. गेज आणि स्कॅनर दोन्हींवर ३९० पीएसआय येत होते, म्हणजे सेन्सर इमानदारीने ओरडत होता. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. पण रेडिएटर सैल करून मागे घेतला तेव्हा दोघांच्या मधल्या फटीत कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गादी बसलेली आढळली. ती काढून, साध्या पाण्याने आतून बाहेर धुतल्यावर त्याच सेन्सरवर दाब २३५ वर आला. मागच्या बाजूची ही फट पाहिल्याशिवाय कंडेन्सर स्वच्छ आहे असे मी तेव्हापासून म्हणत नाही.

खऱ्या वाढीव दाबाची इतर कारणे थोडक्यात सांगतो. पंखा फिरतो, पण पूर्ण वेग घेत नाही. कार्बन ब्रश झिजलेला असतो किंवा वेगाचा रिले लागत नाही. गॅस प्रमाणापेक्षा जास्त भरलेला असतो, कारण तो वजनाने न भरता गेज पाहून ‘अजून थोडा’ भरला गेला. छोट्या गाड्यांत एकूण गॅसच साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम असतो, तिथे शंभर ग्रॅम जास्त म्हणजे फार झाले. किंवा गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम नीट केलेला नसतो आणि आत हवा राहते. ही गोष्ट पहाटेच्या त्या पहिल्या तपासणीत तक्त्यापेक्षा जास्त आलेल्या दाबावरून आधीच कळलेली असते. सकाळी ठीक आणि दुपारी सिग्नलला थांबल्यावर बंद, पण हायवेवर पुन्हा ठीक, असे असेल तर पंखा आणि कंडेन्सर यांच्यापलीकडे सहसा जावे लागत नाही.

सेन्सर खरोखरच खराब निघतो, तो केव्हा? ५ व्होल्ट बरोबर, अर्थ बरोबर, कपलर निर्दोष, आणि तरीही थेट सेन्सरच्या पिनेवरचा सिग्नल गेजवरच्या दाबाशी जुळत नाही, तेव्हा. मग तो निःशंकपणे बदलावा. पुष्कळ गाड्यांत सेन्सरच्या खाली टायरच्या व्हॉल्व्हसारखा सुईचा व्हॉल्व्ह असतो आणि गॅस न काढता सेन्सर निघतो. पण सर्व गाड्यांत तो नसतो. त्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय सेन्सरला पाना लावू नये. वातावरणाच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. ओ-रिंग नवी घालावी, तिला कंप्रेसरचेच तेल किंचित लावावे, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू नये, आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावे. आपल्या गाडीत सेन्सर नुकताच बदलला आहे, तेव्हा तिथे साबणाच्या फेसाने किंवा लीक डिटेक्टरने गळती पाहून घ्यावी, आणि बसवलेला सेन्सर आपल्याच मॉडेलचा आहे ना, हे भाग क्रमांकावरून ताडून पाहावे. आटे आणि कपलर सारखे असूनही आतला तक्ता वेगळा असलेले सेन्सर बाजारात मिळतात, आणि ते बसतात, चालतात, फक्त आकडा चुकीचा देतात. पहाटेच्या तपासणीत हेही उघड होते.

उरला ईसीएम. त्याला दोषी ठरवण्यासाठी दोन पुरावे मागावेत. एक, सेन्सरचा कपलर काढूनही, आणि त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवूनही, ईसीएमच्या स्वतःच्या पिनेवर ५ व्होल्ट येत नाहीत, आणि ईसीएमचा स्वतःचा पॉवर व अर्थ मात्र बरोबर आहे. किंवा दोन, ईसीएमच्या पिनेवर मीटरने सिग्नल समजा १.३ व्होल्ट येतो आहे आणि त्याच क्षणी स्कॅनरवर त्या सेन्सरचे व्होल्टेज ४.९ दिसते आहे. यांपैकी एकही आकडा कोणी आपल्याला मोजून दाखवलेला नसेल, तर ईसीएमबद्दलचे ते मत केवळ अंदाज आहे.

गॅरेजमध्ये जाताना एका कागदावर पाच गोष्टी मागून घ्या: रात्रभर उभ्या गाडीतले तापमान, त्या वेळचा गेजवरचा दाब आणि स्कॅनरवरचा दाब, गरम गाडीवर कपलरच्या तिन्ही वायरींची व्होल्टेज, कंप्रेसर सुटला त्या क्षणीच्या आलेखाचा फोटो, आणि कपलर काढल्यावर स्कॅनरवर आकडा कुठे जातो, ते. शेवटच्या मापासाठी इंजिन बंद आणि चावी ‘ऑन’ असावी. कपलर काढताच आकडा एका टोकाला जाऊन स्थिर राहिला, तर ईसीएमची सिग्नल वाचण्याची बाजू निदान जिवंत आहे. कोणत्या टोकाला जातो ते गाडीच्या रचनेवर अवलंबून असते, त्यामुळे वर गेला काय किंवा खाली गेला काय, त्यावरून घाबरू नये. ही मापे घेतल्यावर कोड मिटवून दुपारचीच फेरी पुन्हा मारावी, आणि त्या वेळी कपलरच्या मागे चार बोटांवर वायर हलकेच बाजूला ओढून धरलेली ठेवावी. त्या दिवशी कंप्रेसर सुटला नाही, तर आपल्या गाडीला बहुधा एक नवा कपलर आणि वीतभर वायर एवढेच हवे आहे.